दवाखान्याच्या नंबरावरची बाई

१

माझं काम सांगायला सोपं आहे. नंबर कुणाचा, ते ठरवायचं.

जुन्या तांब्याच्या तारा आता गावोगाव बंद होत चालल्यात. दुकानं, पतसंस्था, शाळा, सगळे आपले जुने नंबर इंटरनेटवर हलवतात. तारेवर असताना नंबराला घर होतं. तार जिथं संपते तिथं घंटी वाजणार. इंटरनेटवर तसं नसतं. तिथं एक भलीमोठी सूची असते. नंबर विचारला की ती सांगते, हा कॉल अमुक पत्त्यावर पाठवा. सूचीत ज्याचा पत्ता, त्याचा नंबर. म्हणून पत्ता घालायच्या आधी कुणीतरी खात्री करून घ्यावी लागते, की मागणारा माणूस खरंच त्या नंबराचा धनी आहे. नाहीतर उद्या कुणीही उठून सोनाराचा नंबर आपल्या घरी वळवून घेईल. ती खात्री करणारी मी. शहापुरात, साड्यांच्या दुकानावरच्या एका खोलीत बसून.

कागद मी बघते, कॉल मशीन करतं. मशीन त्या नंबरावर फोन लावतं, चार आकडे सांगतं आणि ते परत म्हणायला लावतं. आकडे जुळले की माझ्या पडद्यावर हिरवी खूण पडते. फोन उचलणाराच धनी, हा आमचा नियम. नंतर मी ते रेकॉर्डिंग ऐकते आणि सही करते. ऐकायला मला आवडतं, कारण माणसं मशीनशी बोलत नाहीत, भांडतात. खानापूरचे एक आजोबा म्हणाले, "आधी तू कोणाची ते सांग, मग आकडे." चिकोडीच्या एका दुकानदारानं आकडे म्हणून वर मशीनला चहाला बोलावलं.

त्या दिवशी निपाणीच्या एका दवाखान्याचं रेकॉर्डिंग आलं. घंटी वाजली. फोन उचलला गेला.

"दवाखाना," एक बाई म्हणाली. आवाज मऊ, घाई नसलेला. पाटावर बसून भाजी निवडता निवडता बोलावं तसा.

"नमस्कार," मशीन म्हणालं. "आता चार आकडे ऐकू येतील. ते परत म्हणा."

"सात, दोन, दोन, नऊ," बाई म्हणाली.

मग मशीन म्हणालं, "सात. दोन. दोन. नऊ."

हिरवी खूण पडली.

मी सही करायला गेले आणि थांबले. रेकॉर्डिंग मागे नेऊन पुन्हा ऐकलं. बाईचं उत्तर आधी होतं. प्रश्न नंतर.

तेवढ्यात खाली कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं आणि मी खुर्चीवरून उडाले. मी तशीच आहे. घरी, कडोलीला, आई कुकर लावायच्या आधी मला हाक मारून सांगते.

२

"दोन्ही बाजूंचं रेकॉर्डिंग वेगवेगळं होतंय की गं," नागेंद्र म्हणाला. नागेंद्र माझ्या शेजारी बसतो आणि मशीन तो सांभाळतो. "एक पट्टी पुढं सरकली असंल. त्यात काय एवढं?"

पटलं. पटलं म्हणूनच मी म्हटलं, "मग परत लाव. मला आत्ता, चालू असतानाच ऐकू दे."

"अय्यो! कामं पडलेत नीलम."

"एकदाच रे."

आकडे मशीन आयत्या वेळी काढतं. बोलायच्या क्षणीच ते नागेंद्रच्या पडद्यावर उमटतात, त्याआधी ते कुठंच नसतात. आम्ही एक-एक हेडफोन कानाला लावला. घंटी वाजली.

"दवाखाना," बाई म्हणाली. आणि मशीनचं 'नमस्कार' संपायच्या आत तिनं चार आकडे सांगितले. नवे आकडे. नागेंद्रचा पडदा कोरा होता. आम्ही दोघं त्याकडे बघत राहिलो. मग तिथं तेच चार आकडे उमटले.

नागेंद्रच्या तोंडातली सुपारी थांबली.

"नेटवर्क," तो म्हणाला. न सुटणाऱ्या सगळ्या गोष्टींना त्याच्याकडे हा एकच शब्द आहे.

घाबरले होते, खोटं कशाला बोलू. पण त्याहून जास्त मला कळून घ्यायचं होतं. कोण आहे ही? मी अर्जावरचा मोबाइल नंबर काढून डॉक्टरांना फोन केला. डॉक्टर वीरेंद्र. वडिलांच्या माघारी दवाखाना तेच चालवतात.

"पडताळणी झाली म्हणता?" ते म्हणाले. "कशी झाली? तो फोन गणपतीपासून बंद आहे. तार कापून नेलीय."

"तुमच्याकडे फोनवर बाई असते ना?"

"बाई एकच आहे, झाडलोट करणाऱ्या जयाबाई. त्या फोनला हात लावत नाहीत. करंट बसतो म्हणतात."

 डॉक्टर घाईघाईनं बोलायला लागले. "हे बघा मॅडम, तो नंबर दुसऱ्या कुणाकडे जाऊ देऊ नका. आमच्या वडिलांनी तो गावोगावच्या भिंतींवर लिहून ठेवलाय. साप चावल्यावर लोक तोच फिरवतात. पोरांना पाढ्यांच्या आधी तो पाठ असतो. सध्या सोयाबीन काढणी चाललीय, ऊसतोड तोंडावर आलीय. हे दिवस सापाचेच."

शनिवारी सूची पक्की होणार होती. हिरवी खूण तशीच राहिली तर अर्ज कुणाचाही असो, आमच्या नियमानं नंबर उचलणाऱ्याच्या नावे जाणार. तो कुठून उचलला जात होता तेच कळत नव्हतं.

"जाऊन ये निपाणीला," नागेंद्र म्हणाला. "प्रत्यक्ष पाहणीचा नियम हाय आपल्यात. आणि परत येताना मला काय सांगू नकोस. मला झोप लागाय पायजे."

३

तवंदी घाट उतरल्यावर मला पहिली भिंत दिसली. चुन्यानं पांढरी केलेली, त्यावर गेरूनं: साप चावला? थांबू नका. खाली नंबर. बस पुढे गेली तरी तो नंबर माझ्या तोंडात घोळत राहिला. पुढच्या गावात तीच भिंत, तीच अक्षरं, तोच नंबर.

दवाखाना तंबाखूच्या वखारीमागच्या बोळात होता. हवेत तंबाखूची बारीक धूळ, खकाणा भरलेला. मी शिंकत शिंकतच आत गेले.

"पावणी आली बघा शिंका वाजवत," दारात झाडू घेऊन उभ्या बाई म्हणाल्या. त्या जयाबाई. "वाईच दम काढा. निपाणीत आलं की पैल्यांदा नाक वळखतं, मग माणसं वळखत्यात."

खोली एकच, मध्ये हिरवा पडदा. पडद्यामागं तपासायचं टेबल आणि औषधांचा फ्रिज. तो मधूनच थरथरून गप्प व्हायचा. छताचा पंखा दर फेऱ्याला एक बारीक टिचकी वाजवत होता. भिंतीपाशी लाकडी टेबल, त्यावर दोन फोन. एक जुना, राखाडी, डायलवर बोटांनी झिजलेला. दुसरा नवा, काळा, इंटरनेटचा, सूचीत पत्ता पडायची वाट बघत असलेला.

मी जुना फोन उचलून कानाला लावला. काहीच नाही. मागची वायर हातात घेतली, ती खिडकीपर्यंत जाऊन संपली. टोकाला उघडं तांबं. मी ते बोटानं चाचपलं आणि उगाचच हात मागे घेतला.

डॉक्टर पडदा सारून आले. चाळिशीचे, बारीक, बोलताना चष्मा पुसायची सवय. "दिसलं ना? हा फोन उचलायचाच कुणी?"

"पण लोक फोन करतात का अजून?"

डॉक्टर उत्तर द्यायच्या आधी जयाबाईच बोलल्या. "करत्यात म्हंजे! आनि नव्या बाईची सगळी तारीफ करत्यात. परवा ती मनुबाई नातवाला घिऊन आलती न्हवं? म्हनाली, कुनाला चावलं ते म्या सांगायच्या आदीच बाई म्हनल्या, नातवाला घिऊन या, डावा पाय हलवू नका. लई हुशार बाई ठेवलीया म्हनं डॉक्टरनी."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत?" डॉक्टर म्हणाले.

"मला काय ठावं? मला वाटलं ठेवली असंल कुठंतरी दुसरीकडं. पगार मागाय आली तर कळंलच की."

डॉक्टरांनी चष्मा पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

४

आम्ही बोलत होतो तोवर एक माणूस येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहिला होता. टोपी हातात. आत या म्हटल्यावरही तो आला नाही.

"नमस्कार री. मी मष्णू. माळावरल्या वस्तीवर असतो."

"कुणाला चावलं?" डॉक्टर उठलेच.

"आता न्हाय. गेल्या बाजारादिवशी. माझ्या भावाला. सोयाबीन काढताना." तो थांबला. "फोन लावलावता. बाई बोलल्या. म्हणाल्या, नका येऊ."

पंख्याची टिचकी तेवढी ऐकू येत होती.

"मग?" डॉक्टरांनी विचारलं.

"मग काय, आनंदच झाला. थोरलं डॉक्टर 'नका येऊ' म्हणालं म्हंजे साप बिनविषारी, हे आमच्यात शेंबड्या पोराला बी ठावं हाय. माणसं गोळा झालीवती ती घरला गेली. वहिनीनं चहा टाकला. भाऊ सोता चहा प्याला, हसला बी." त्यानं टोपीची घडी उलगडली आणि पुन्हा घातली. "सांजंला म्हणाला, झोप आलीया. पापण्याच वर व्हईनात त्याच्या. गाडी मिळस्तवर सपलं."

डॉक्टरांनी टेबलाचा कोपरा धरला. मला समजावं म्हणून असेल, ते माझ्याकडे बघून बोलले, पण आवाज खोल गेला होता. "वडील फोनवरच सगळं विचारायचे. रंग कसा, दात किती, सूज आहे का. धामण, दिवड असली की म्हणायचे, नका येऊ, उगाच मजुरी बुडवू नका. लोकांना ते दोन शब्द म्हणजे प्रसादासारखे. नका येऊ म्हटलं की घरात दिवा लावायचे."

"व्हय," मष्णू म्हणाला. "आमी बी लावला."

 जयाबाई झाडू भिंतीला टेकवून खाली बसल्या.

"मी भांडाय न्हाय आलो, डॉक्टर. थोरल्यांच्या वक्तापासनं इस्वास हाय. एवढंच इचाराय आलो, आता 'नका येऊ'चा अर्थ बदललाय काय? गावाला सांगाय पायजे."

डॉक्टरांनी त्याचा हात धरला. "मष्णू, ती बाई आमची नव्हे. मी तुमच्या भावाला नका येऊ म्हटलं नसतं. वस्तीवर सांगा, फोनवर कुणी काहीही म्हणो, सरळ यायचं. इथं नाहीतर सरकारी दवाखान्यात. पण यायचं."

मष्णूनं मान हलवली. बोळातून जाताना तो दोनदा मागे वळला. आपण घरी काय घेऊन चाललोय ते त्याला नीट धरता येत नसावं.

मी मनातल्या मनात मांडत होते. ती आकडे आधी सांगते. कुणाला चावलं ते आधी सांगते. म्हणजे पुढचं तिला ऐकू येतं. मग मष्णूचा भाऊ वाचणार नाही हे तिला आधीच ऐकू आलं, म्हणून ती नको म्हणाली? की ती नको म्हणाली, म्हणून तो वाचला नाही? मी दोन्ही टोकांनी ओढून बघितलं. दोन्ही टोकं एकच निघत होती.

५

"मी लावून बघते," मी म्हणाले.

"कशाला?" डॉक्टर म्हणाले. पण मोबाइल माझ्या हातात होता आणि नंबर मला आता भिंतींवरून पाठ झाला होता.

मी टेबलाशेजारी उभी राहिले, दोन्ही फोन डोळ्यांसमोर. दोन्ही गप्प. माझ्या कानात घंटी वाजली, अर्धीच.

"दवाखाना," बाई म्हणाली.

मी जुन्या फोनवर हात ठेवला.

"तुमच्यात कुणाला चावलं न्हाय," ती समजुतीनं म्हणाली. "मग का बरं फोन केला?"

"तुम्ही... तुम्ही कोण?"

"जो उचलंल त्याचा नंबर. असंच हाय न्हवं तुमच्यात?"

तिच्या मागं काहीतरी ऐकू येत होतं. मी मोबाइल कानाशी दाबला. एक पंखा. दर फेऱ्याला एक बारीक टिचकी. फ्रिज थरथरून गप्प झाल्याचा आवाज. मी पडद्याकडे पाहिलं. आमचा फ्रिज चालूच होता. मग तो थरथरला आणि गप्प झाला.

प्रतिध्वनी, मी स्वतःला सांगितलं. मोबाइलमध्ये आवाज फिरून येतो, कॉलेजात शिकवलंय. पण फिरून येणारा आवाज मागून येतो. हा आधीच येत होता.

कानात स्टीलचा ट्रे धाडकन फरशीवर पडला आणि मी किंचाळले.

"काय झालं?" म्हणत डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांचा कोपर कडेच्या ट्रेला लागला. ट्रे धाडकन फरशीवर पडला. चिमटे, कात्री, वाट्या, सगळं घरंगळत जयाबाईंच्या पायापर्यंत गेलं.

जयाबाई माझ्याकडे बघत होत्या, ट्रेकडे नाही. "पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "तू आदी दचकलीस."

मी फोन बंद केला. ती बाई याच खोलीत होती. किंवा या खोलीचाच पुढचा क्षण तिच्याकडे होता. पडदा, पंखा, फ्रिज, आम्ही, सगळं थोडं आधी घडून गेलेलं. मी टेबलाखाली वाकून बघितलं. का बघितलं ते विचारू नका. खाली चिमटा होता आणि थोडी धूळ.

६

नागेंद्रला फोन केला. "ती हिरवी खूण पूस. नंबर डॉक्टरांच्या पत्त्यावर घाल. आत्ता."

"कॉलमध्ये पास झालेल्याला बाजूला काढालीस तू. कारण काय लिहू?"

"प्रत्यक्ष पाहणी. मी टेबलासमोर उभी आहे. नंबर या दवाखान्याचा आहे, लिही आणि खाली माझं नाव घाल."

"उद्या दुसऱ्यानं दावा केला तर तुझ्या अंगावर येईल बघ."

"येऊ दे."

 मग किबोर्डचा आवाज आला. "घातला. सूची बदलाय थोडा वेळ घेईल. आणि नीलम... कोण हाय गं ती?"

"झोप लागायला पाहिजे ना तुला?"

आम्ही काळ्या फोनकडे बघत बसलो. जयाबाईंनी चहा केला आणि आपला कप हातात घेऊन दारातच उभ्या राहिल्या, फोनपासून लांब. डॉक्टर वडिलांबद्दल सांगत होते. थोरले डॉक्टर जेवताना सुद्धा उजवा हात कोरडा ठेवायचे, फोन उचलायला. आई म्हणायची, यांनी लग्न माझ्याशी केलं आणि संसार त्या डबड्याशी. डॉक्टर हसले, आणि हसता हसताच म्हणाले, "मष्णूच्या भावासारखे आणखी किती असतील? जे आलेच नाहीत ते मला कसे कळणार?"

 मी मोबाइलवरून नंबर लावला.

काळा फोन वाजला. मी उडालेच, पण या वेळी आवाज माझ्यासमोरून आला होता. डॉक्टरांनी उचलला. "दवाखाना," ते म्हणाले, आणि तोच शब्द माझ्या मोबाइलमध्ये किंचित मागून आला. जसा यायला हवा तसा. मी तीन वेळा लावून बघितलं. तिन्ही वेळा फोन वाजला, डॉक्टरांनी उचलला, शब्द मागून आला.

"झालं," मी म्हणाले. डोक्यावरून पाटी उतरावी तसं वाटलं.

"सुटलो बाई," जयाबाई म्हणाल्या. "पगार न घेता गेली बिचारी."

डॉक्टरांनी मला बसस्टँडवर सोडायला गाडीची किल्ली काढली. मी पिशवी खांद्याला लावली. मग मी जे केलं ते करायला नको होतं, असं नागेंद्र म्हणतो. मला तसं वाटत नाही. मी दारापर्यंत गेले आणि पुन्हा एकदा, शेवटचं म्हणून, नंबर लावला. घरातून निघताना कुलूप ओढून बघतात, तसं.

काळा फोन वाजला नाही.

७

माझ्या कानात घंटीही वाजली नाही. मी थेट मधेच गेले. कुणाच्यातरी बोलण्याच्या मधे.

"...हातालाच चावलं वो, पेंढी उचलताना," एक बाई धापा टाकत सांगत होती. मागं वाळल्या शेंगांचा खुळखुळाट, कुत्र्याचं भुंकणं, कुणीतरी रडतंय. "आमची नणंद हाय. वन्सं म्हणत्यात जीभ जड झालीया. आणू का? गाडी हाय, आणू का?"

"नका येऊ," ती दवाखान्याची बाई म्हणाली. तोच मऊ आवाज.

पलीकडे श्वास सुटला. मी तो ऐकला. एवढा मोठा, एवढा सुखाचा श्वास मी कधी ऐकला नव्हता. "नका म्हणत्यात!" ती बाई तिथं कुणालातरी ओरडून सांगत होती. "कायसुदिक न्हाय म्हणं! ये दिपाली, रडू नको गं, आत्याला कायबी न्हाय झालं! पाणी आण, हातपाय धू तिचं!" आणि मग फोनमध्ये, "लई उपकार झालं बाई. देवासारखं धावलासा."

"या!" मी ओरडले.

डॉक्टर किल्ली घेऊन तसेच थांबले.

"या तुम्ही! लगेच या! हात हलवू देऊ नका, गाडी काढा!"

पलीकडे सगळं गप्प. कुत्रा सुद्धा.

"कोण बोलालंय?" ती बाई म्हणाली. "आत्ताच तर नका म्हणालासा."

"ती मी नव्हे. मी दवाखान्यातनं बोलतेय. डॉक्टर इथंच उभे आहेत."

"मग मघाशी कोण बोललं? दवाखान्याचाच नंबर लावलाय आमी. भिंतीवरचा."

काय सांगू? तिला माझ्यावर का भरवसा वाटावा? तो मऊ आवाज घरच्या माणसासारखा होता, आणि मी चिरक्या आवाजात ओरडणारी कुणी परकी पोर. नका येऊ म्हणजे वाचलो, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. मी 'या' म्हणत होते, म्हणजे मी तिला वाईट बातमी देत होते.

डॉक्टर हात पुढे करून पुटपुटत होते, "गाव विचारा, गाव कुठलं ते विचारा." मी मानेनंच नको म्हटलं. गाव विचारत बसले असते तर तिनं फोन ठेवला असता.

"आक्का, ऐका," मी म्हणाले. माझा आवाज थरथरत होता तो मी थरथरू दिला. "हा नंबर आमचा आहे. थोरल्या डॉक्टरांचा. दुसऱ्या कुणाचा नाही. मी सांगते, तुम्ही या. तुमच्या नणंदेची जीभ जड झालीय ना? मग हा बिनविषारी साप नव्हे. थोरल्या डॉक्टरांनी जीभ जड झाल्यावर कधी नका येऊ म्हटलंय का? आठवा बघू."

 मग अगदी बारीक आवाजात, "न्हाय."

"मग या."

"गाडी काढ रं!" तिथं ती किंचाळली. "गाडी काढ, निगायचं हाय!" खुळखुळाट झाला, पावलं धावली, फोन कुठंतरी पडला असावा, कारण आवाज लांब गेले, आणि मग गेलेच.

कॉल मात्र तुटला नव्हता. मोबाइलच्या पडद्यावर तो चालूच दिसत होता. डॉक्टर पडद्यामागं धावले, फ्रिजचं दार उघडलं, बाटल्या एकमेकींवर वाजल्या. जयाबाई टेबलावरची चादर झटकायला लागल्या. मी फोन कानालाच धरून उभी होते. पलीकडे कुणीतरी होतं. पंखा होता. टिचकी होती.

मी वाट बघत होते. ती चिडेल असं वाटत होतं. किंवा हसेल. मला खरंच कळून घ्यायचं होतं.

"बरं," ती म्हणाली. दमलेली वाटली. दिवसभर उभं राहून स्वयंपाक केलेल्या बाईनं पदराला हात पुसावे, तसा आवाज. "तुमचाच हाय म्हणालीस न्हवं? घे मग तू."

कॉल तुटला. आणि त्याच क्षणी टेबलावरचा काळा फोन वाजायला लागला.

डॉक्टर हातात सिरिंज घेऊन पडद्याबाहेर आले आणि दुसरा हात फोनकडे नेला. मी तो हात बाजूला केला आणि फोन स्वतः उचलला.